शेतातील टाकाऊ माल आणि डांबरी रस्ता : काय द्यावे, काय राखावे?

खडकीच्या उपबाजारात पहाटे भाजीपाल्याचे टेम्पो येऊन लागतात. मी खडकीत राहतो आणि शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात कृषिविद्या हा विषय शिकवतो. त्यामुळे सकाळी बाहेर पडलो की माल उतरवणाऱ्या शेतकऱ्यांशी दोन शब्द बोलणे होते. एका पावसाळ्यात एका वयस्क शेतकऱ्याने टोमॅटोची तळाची क्रेट उघडून दाखविली. वरची फळे ठीक होती, खालची फुटून त्यांचे पाणी झाले होते. ते म्हणाले, "सर, हे अळीनं खाल्लेलं नाही, करप्यानंही नाही. हे आमच्या गावच्या रस्त्यानं खाल्लंय."

त्याच शेतकऱ्याने पुढे विचारले, "मल्चिंगचा जुना कागद रस्त्याच्या डांबरात घालतात म्हणे. आता पाचट, पऱ्हाटीपासूनही डांबर करणार म्हणे. मग हे सगळं देऊन टाकावं का?" प्रश्न साधा होता, पण उत्तर एका शब्दात देता येईना. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लिहिला आहे. रस्ता बांधणे हे अभियंत्याचे काम आहे. परंतु रस्त्यात जाणारा माल आपल्या शेतातून जाणार असेल, तर त्यातील काय द्यावे आणि काय राखावे हे शेतकऱ्याने ठरवले पाहिजे.

डांबरी रस्ता का उखडतो?

डांबरी मिश्रणात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी, कच व बारीक भुकटी असते आणि डांबर फक्त ५ टक्क्यांच्या आसपास असते. वाहनाचे वजन खडी पेलते. डांबराचे काम तिला एकमेकींत धरून ठेवण्याचे आणि पाणी आत जाऊ न देण्याचे आहे. गावाकडच्या रस्त्यावर खाली मुरूम व खडीकरणाचे थर असतात आणि वर बहुधा २० मि.मी. जाडीचे कारपेट व त्यावर सील कोट असतो. म्हणजे ज्याला आपण डांबरी रस्ता म्हणतो, त्याचे डांबराचे कातडे बोटाच्या पेराएवढे जाड असते.

हे कातडे बिघडण्याची कारणे मुख्यतः चार आहेत.

१) पाणी : दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते. पाणी साचून राहिले की ते खडी व डांबर यांच्यामध्ये शिरते आणि डांबराचा लेप सुटतो. मोकळी झालेली खडी चाकाने उडते आणि खड्डा तयार होतो.

२) उष्णता : उन्हाळ्यात काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. डांबर मऊ होऊन चाकोऱ्या पडतात.

३) वजन : ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, वाळू व खडीचे डंपर यांच्यासाठी गावचा रस्ता आखलेला नसतो.

४) वय : ऊन आणि हवा लागून डांबर कडक व ठिसूळ होते आणि त्याला भेगा पडतात. त्या भेगांतून पुन्हा पाणी शिरते.

टाकाऊ पदार्थ मिसळून रस्ता मजबूत करतात म्हणजे या चार कारणांपैकी एखाद्याला अटकाव करतात. पाया कच्चा असेल, बाजूला चर नसेल, तर मिश्रणात काहीही घातले तरी रस्ता टिकत नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता पुष्कळ वाचकांना माहीत असेल. रेकॉन्डो या कंपनीने हॉट मिक्स पद्धतीने केलेला हा रस्ता १९७६ साली तयार झाला. त्याला १० वर्षांची हमी दिलेली होती आणि हमीची मुदत संपल्यानंतरही तो अनेक वर्षे खड्ड्यांवाचून टिकला. त्या रस्त्यात प्लॅस्टिक नव्हते की रबर नव्हते. नीट केलेले काम हाच रस्त्याचा पहिला मसाला होय, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

टाकाऊ प्लॅस्टिक : पद्धत कोणती?

तामिळनाडूतील मदुराई येथील त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिक रस्त्यात वापरण्याची सुकी पद्धत विकसित केली. या कार्यासाठी त्यांना २०१८ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ साली या पद्धतीच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २०१५ साली केंद्र सरकारने मोठ्या शहरांच्या परिसरातील डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लॅस्टिकचा वापर करावा असा आदेश काढला.

पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

१) प्लॅस्टिक वेगळे करून, धुऊन, वाळवून त्याचे २ ते ३ मि.मी. आकाराचे तुकडे करतात.

२) खडी १६० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात.

३) तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचे तुकडे टाकतात. ते १३० ते १४० अंशांनाच मऊ होत असल्याने अर्ध्या ते एक मिनिटात खडीवर पातळ लेप बसतो.

४) त्यानंतर सुमारे १६० अंशांचे गरम डांबर मिसळतात आणि मिश्रण नेहमीप्रमाणे अंथरून रोलरने दाबतात.

येथे प्लॅस्टिक डांबरात विरघळवत नाहीत, ते आधी खडीला लावतात. बियाण्याला बीजप्रक्रिया करतो तसाच हा प्रकार आहे. लेपामुळे खडीच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी शिरत नाही आणि डांबर खडीला अधिक घट्ट धरते. उन्हात मिश्रण कमी मऊ पडते. म्हणजे वरील चार कारणांपैकी पहिल्या दोहोंवर हा उपाय लागू पडतो.

प्लॅस्टिकचे प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के ठेवतात. जास्त घातले म्हणजे रस्ता जास्त मजबूत होतो असे नाही. युरियाची मात्रा दुप्पट केली म्हणून उत्पन्न दुप्पट होत नाही, तसेच हे आहे.

कोणते प्लॅस्टिक चालते, कोणते चालत नाही?

चालणारे : दुधाच्या पिशव्या, पातळ पॉलिथिनच्या पिशव्या, रोपवाटिकेतील पिशव्या, बिस्किटे व वेफर्सची वेष्टने (सुमारे ६० मायक्रॉन जाडीपर्यंत), फाटलेली खतांची विणलेली पोती व त्यांतील अस्तर. हे सर्व स्वच्छ व कोरडे असावे.

न चालणारे : पीव्हीसी पाइप, पीव्हीसीचे कागद आणि जाहिरातीचे फ्लेक्स कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असते. ते तापवले की आम्लधर्मी विषारी वायू निघतो आणि मिश्रण करणाऱ्या मजुरांच्या छातीत जातो.

विचारून द्यावे : मल्चिंगचा कागद पॉलिथिनचाच असतो, पण शेतातून काढताना त्याला माती, मुळे व पिकाचे अवशेष चिकटलेले असतात. मातीसह दिलेला कागद खडीला नीट चिकटत नाही. शिवाय पुनःपुन्हा वितळवून केलेल्या काळ्या प्लॅस्टिकचा भरवसा नसतो, म्हणून ते टाळतात. तेव्हा कागद गोळा करण्यापूर्वी संबंधित संकलन केंद्राला विचारावे.

वेगळे ठेवावे : ठिबकच्या जुन्या नळ्या जाड व चांगल्या प्लॅस्टिकच्या असतात. त्या पुनर्निर्मितीसाठी विकल्यास पैसे मिळतात, रस्त्यात घालणे हा त्यांचा अपव्यय आहे. कीटकनाशकांच्या बाटल्या तर या कामात कदापि मिसळू नयेत. त्या तीन वेळा पाण्याने खंगाळून ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतावे, बाटलीला भोक पाडावे आणि ती स्वतंत्र ठेवून नियमानुसार विल्हेवाट लावावी.

१७० अंशांपर्यंत पॉलिथिन मऊ होते, जळत नाही. त्याचे विघटन होऊन वायू सुटू लागतात ते साधारण २५० अंशांच्या पुढे. म्हणून तापमापक असलेल्या हॉट मिक्स प्लँटमध्येच हे काम व्हावे. रस्त्याच्या कडेला पिंपाखाली लाकडे पेटवून, अंदाजाने प्लॅस्टिक टाकून केलेले काम मजुरांना घातक असते आणि रस्त्यालाही उपयोगाचे नसते. माझ्या माहितीतील एका गावात असे काम झाले. वेगळे न केलेला कचरा तसाच पिंपात टाकला गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खडी वर आली आणि "प्लॅस्टिकचा रस्ता खोटा" असे गावाने ठरवून टाकले. प्रत्यक्षात तेथे पद्धत पाळलीच गेली नव्हती.

रस्ता आपले किती प्लॅस्टिक घेईल?

याचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा. पावणेचार मीटर रुंदीच्या १ कि.मी. गावरस्त्याला ढोबळमानाने १० टन डांबर लागते. त्याच्या ८ टक्के म्हणजे ८०० किलो प्लॅस्टिक झाले.

आता मल्चिंगचा हिशेब पाहू. १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब व २५ मायक्रॉन जाडीच्या एका गुंडाळीचे वजन सुमारे ११ किलो भरते. गादीवाफ्यांतील अंतर दीड मीटर धरल्यास एकरी साडेसहा ते सात गुंडाळ्या, म्हणजे ७० ते ७५ किलो कागद लागतो. म्हणजेच अवघ्या ११ एकरांचा कागद १ कि.मी. रस्त्याला पुरतो. ज्या गावात टोमॅटो, मिरची, कलिंगड मिळून १०० एकरांवर मल्चिंग होते, तेथे दरवर्षी सुमारे ७ टन कागद निघतो, आणि गावचा रस्ता मात्र पाच-सात वर्षांतून एकदा होतो.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, गावचा रस्ता चांगला करण्यास पुरेल इतके प्लॅस्टिक कोणत्याही गावात आहे. दोन, रस्त्यावर भरवसा ठेवून शेतात प्लॅस्टिक वाढवीत जाणे चुकीचे आहे. उरलेला कागद बांधावर जाळला किंवा रोटाव्हेटरखाली गाडला, तर त्याचे कपटे जमिनीत वर्षानुवर्षे राहतात, पाणी मुरण्यास व मुळांना अडथळा करतात. म्हणून शक्य तेथे पाचट, सोयाबीनचे भुसकट, वाळलेले गवत यांचे आच्छादन वापरावे. जेथे कागदच आवश्यक आहे, तेथे तो पीक संपताच, कडक होऊन तुटण्यापूर्वी अखंड काढून घ्यावा.

इतर पर्यायी पदार्थ

जुने टायर : टायरच्या रबराची भुकटी गरम डांबरात मिसळून सुधारित डांबर करतात. त्यामुळे डांबराला लवचीकपणा येतो आणि भेगा कमी पडतात. भुकटी तळाशी बसू नये म्हणून मिश्रण सतत ढवळावे लागते. केरळात शेतकऱ्यांनी पिकवलेले नैसर्गिक रबरही याच कामासाठी डांबरात वापरले गेले आहे.

राख : मिश्रणातील खडीच्या फटी बुजवण्यासाठी मैद्यासारखी बारीक भुकटी लागते. त्यासाठी दगडाची भुकटी, चुना किंवा सिमेंट वापरतात. औष्णिक वीज केंद्रातील राख, भाताच्या तुसाची राख व साखर कारखान्यातील बगॅसची राख यांचाही या कामासाठी अभ्यास झालेला आहे. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. राख पूर्ण जळालेली व बारीक चाळलेली असावी लागते. अर्धवट जळालेली काळी राख जास्त डांबर शोषून घेते.

पोलादाची मळी : पोलाद कारखान्यातील मळी खडीऐवजी वापरून सुरतजवळ हजिरा येथे २०२२ साली रस्ता करण्यात आला. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाच्या एका भागात अशी मळी वापरली असून त्याचे उद्घाटन २०२४ च्या जानेवारीत झाले. खडीसाठी डोंगर फोडणे जितके कमी होईल तितके पाणलोटाच्या दृष्टीने चांगलेच.

काथ्या व तंतू : जड वाहतुकीच्या रस्त्यांत मोठ्या खडीचे व जास्त डांबराचे एक खास मिश्रण वापरतात. गरम असताना त्यातून डांबर निथळू नये म्हणून मिश्रणाच्या सुमारे ०.३ टक्के तंतू घालतात. त्यासाठी नारळाचा काथ्या उपयोगी पडू शकतो असे प्रयोगांत दिसून आले आहे. कोकणातील बागायतदारांनी याकडे लक्ष ठेवावे. काथ्याचे जाळीदार कापड तर ग्रामीण रस्त्यांच्या पायात वापरण्यास प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२० साली मान्यता मिळाली आहे.

पिकांच्या अवशेषांपासून डांबर

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. आपल्या देशाला २०२३-२४ साली सुमारे ८८ लाख टन डांबर लागले आणि त्यातील निम्मे परदेशातून आले. खनिज तेलापासून मिळणाऱ्या या डांबराला पर्याय म्हणून लिग्निनकडे पाहिले जात आहे.

लिग्निन म्हणजे काय? तुरीची काठी ताठ का राहते, पऱ्हाटी हाताने सहज का मोडत नाही? झाडाच्या पेशींतील तंतूंना एकमेकांशी चिकटवून कडकपणा देणारा जो पदार्थ असतो, तो लिग्निन होय. उसाचे चिपाड किंवा पऱ्हाटी यांच्या कोरड्या वजनात तो साधारण २० ते २५ टक्के असतो. अवशेषांतील सेल्युलोजपासून इथेनॉल तयार केल्यावर लिग्निन मागे उरते. एरवी ते भट्टीत जाळतात. त्याच्यावर प्रक्रिया करून ते डांबरात मिसळता येते.

पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या सहकार्याने असे जैव-डांबर तयार केले. नागपूर जिल्ह्यातील राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर, नागपूर-मनसर वळणमार्गाच्या एका तुकड्यावर ते वापरण्यात आले. त्याचे उद्घाटन २१ डिसेंबर २०२४ रोजी झाले. त्यात खनिज डांबराच्या सुमारे १५ टक्के जागा लिग्निनने घेतली आहे. याखेरीज केंद्रीय रस्ते संशोधन संस्था व डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था यांनी भाताचा पेंढा बंद भट्टीत, हवेवाचून तापवून त्याच्या तेलापासून डांबराला पर्याय तयार केला आणि मेघालयात शिलाँगकडे जाणाऱ्या महामार्गावर त्याची चाचणी घेतली.

हे प्रयोग स्वागतार्ह आहेत. परंतु रस्त्याचे आयुष्य एका-दोन वर्षांत कळत नाही. पाच-सात पावसाळे गेल्यावरच खरा निकाल हाती येतो, तोपर्यंत याकडे चाचणी म्हणूनच पाहावे.

जमिनीचा हिशेब

वरच्याच १० टन डांबराच्या रस्त्याचा हिशेब पुढे नेऊ. १५ टक्के म्हणजे दीड टन लिग्निन. त्यासाठी ६ ते साडेसात टन कोरडे अवशेष लागतील. प्रक्रियेतील घट धरता एक हेक्टर उसाचे सर्व पाचट १ कि.मी. गावरस्त्यासाठी जाईल असे समजावे.

आता त्याच पाचटाकडे कृषिविद्येच्या नजरेने पाहू. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. १० टन पाचटातून मिळणारी अन्नद्रव्ये खतांच्या पोत्यांत मोजली तर ती अशी होतात :

– नत्र ५० किलो, म्हणजे ४५ किलोची युरियाची सुमारे अडीच पोती.
– स्फुरद २० किलो, म्हणजे ५० किलोची सिंगल सुपर फॉस्फेटची अडीच पोती.
– पालाश ७० ते १०० किलो, म्हणजे ५० किलोची म्युरेट ऑफ पोटॅशची सव्वादोन ते सव्वातीन पोती.
– याशिवाय ३ ते ४ टन सेंद्रिय कर्ब, जो कोणत्याही पोत्यात विकत मिळत नाही.

ही सर्व अन्नद्रव्ये पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाहीत, हे खरे. पण आपल्या राज्यातील पुष्कळ जमिनींत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्याही खाली गेला आहे. जे लिग्निन रस्त्यात खडीला धरून ठेवते, तेच जमिनीत सावकाश कुजून ह्युमस तयार होण्यास मदत करते आणि मातीचे कण धरून ठेवते. लिग्निन एकच आहे. ते रस्त्याला दिले तर मातीला मिळणार नाही.

म्हणून अवशेषांची विभागणी पुढीलप्रमाणे करावी.

अ) जमिनीतच ठेवावे : उसाचे पाचट. खोडव्यात ते सरीत दाबून बसवावे. १० टन पाचटावर ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकावे. पाचट जाळू नये.

ब) जनावरांसाठी राखावे : कडबा, भाताचा पेंढा, हरभरा व तुरीचे भुसकट. पंजाबात भाताचा पेंढा जाळतात म्हणून तेथे तो टाकाऊ आहे. कोकणात, मावळात किंवा भंडाऱ्यात तो चारा आहे. तेथील शहाणपण येथे जसेच्या तसे लागू करू नये.

क) विकण्यास हरकत नाही : पऱ्हाटी व तुरकाठ्या. या लवकर कुजत नाहीत. पऱ्हाटी शेतात उभी राहिली तर गुलाबी बोंडअळीला आश्रय मिळतो, म्हणून हंगाम संपताच ती काढावीच लागते. हेक्टरी २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. जाळण्यापेक्षा विकणे चांगले. मात्र झडलेली पाने शेतातच राहू द्यावीत आणि विक्रीच्या पैशातून काही भाग शेणखतासाठी बाजूला काढावा.

ड) भाव ठरवताना : कोणी व्यापारी पाचट मागू लागला तर मिळणाऱ्या रकमेतून गोळा करण्याची मजुरी वजा करावी. मग वर दिलेल्या पोत्यांची त्या दिवशीची किंमत वजा करावी. आच्छादनामुळे वाचणाऱ्या पाण्याच्या पाळ्या व खुरपणी यांचाही खर्च धरावा. एवढे करून काही उरत असेल तरच विचार करावा, आणि तेव्हाही दरवर्षी सर्व पाचट विकू नये.

गावच्या रस्त्याचे काम होत असताना

रस्ता कोणत्याही मिश्रणाचा असो, काम चालू असताना ग्रामस्थांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१) रस्त्याचा मध्य कडेपेक्षा उंच हवा. पावणेचार मीटर रुंद रस्त्यात हा फरक ४ ते ५ सें.मी. असावा, म्हणजे पाणी थांबत नाही.

२) खालचा थर ओला असताना किंवा पाऊस चालू असताना डांबरीकरण करू देऊ नये.

३) मिश्रण अंथरताना त्याचे तापमान १४० अंशांच्या खाली आणि रोलिंग संपताना ९० अंशांच्या खाली जाऊ नये. लांबून आलेले, थंड झालेले मिश्रण कितीही दाबले तरी पोकळ राहते. तापमापक कोठे आहे, एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ काम होते.

४) प्लॅस्टिक वापरणार असतील तर ते वेगळे केलेले, धुतलेले व कोरडे आहे का, हे पाहावे.

५) बाजूचे चर व मोऱ्या रस्त्याबरोबरच पूर्ण करून घ्याव्यात.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. शेतात जाण्यासाठी रस्त्याकडेचा चर नळी न टाकता बुजविणे, साइडपट्टी नांगरून वाफ्यात घेणे, पाइपलाइनसाठी डांबर फोडून चारी तशीच सोडणे, रात्रभर पाणी देताना ते रस्त्यावर वाहू देणे आणि चिखलणीची लोखंडी केजव्हील काढल्याशिवाय ट्रॅक्टर रस्त्यावर आणणे या सवयी कोणत्या ना कोणत्या गावात दिसतात. बुजविलेल्या एका चरामुळे पाणी रस्त्याखाली मुरते आणि सर्व गावाचा माल त्या खड्ड्यातून जातो. मदुराईचे तंत्र असो की मनसरचे, साचलेल्या पाण्यापुढे कोणाचेच चालत नाही.

थोडक्यात

ग्रामसभेत पुढील वर्षाच्या रस्त्याचा विषय निघेल तेव्हा तीन ठराव मांडावेत. पहिला, गावातील स्वच्छ पातळ प्लॅस्टिक एका ठिकाणी जमा करण्याची सोय करावी आणि ते हॉट मिक्स प्लँटवरील कामातच वापरले जावे. दुसरा, काम सुरू होण्यापूर्वी रस्त्याकडेचे बुजलेले चर ज्याचे त्याने मोकळे करावेत. तिसरा, गावात पाचट जाळले जाणार नाही. प्लॅस्टिक शेतातून बाहेर काढावे, पऱ्हाटी विकावी, पाचट जमिनीत राखावे. रस्त्यासाठी आपण इतके केले तर ते पुरेसे आहे.

खडकीच्या बाजारात भेटलेल्या त्या शेतकऱ्याला मी हेच सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे सर, कागद देतो, पाचट ठेवतो. पण आधी चुलतभावाला चर उकरायला लावतो. आमच्या वाटेवरचा मोठा खड्डा त्याच्याच बांधाजवळ आहे." माझ्या मते त्यांच्या गावच्या रस्त्याचे काम त्याच दिवशी सुरू झाले.